कोपरापासून मनगटापर्यंत

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस गुरुवार होता.

उत्तरेच्या वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला होता. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळ धुळीतूनच उजाडते. सूर्य ताकासारखा पांढुरका दिसतो, ओठ फुटतात आणि बायका हातापायांना लोणी चोळून मगच अंगणाबाहेर पडतात. सनातूने माझ्यावरचे पोते काढले, झटकले आणि रोजच्यासारख्या माझ्या पोटावर दोन थापा मारल्या.

"ऊठ गं बाई. तुझं बरं आहे, तुला थंडी वाजत नाही."

मी एक जुनी रवी आहे. पण रवी म्हटल्यावर दह्याच्या भांड्यात उभी राहणारी जी तुमच्या डोळ्यांसमोर येईल, ती मी नाही. माझे पोट म्हणजे खाण्याच्या तेलाचे आडवे पिंप आहे. त्या पोटात लाकडाची चार पाती आहेत, बाहेर सायकलची साखळी आणि पायडल आहे. एक बाई बाकावर बसून पायडल मारते, आत पाती फिरतात, आणि शिआ नावाच्या झाडाच्या बियांचा भाजून दळलेला तपकिरी लगदा घुसळून त्यातून लोणी वर येते. घानाच्या उत्तर भागात, विद्यापीठाच्या शहरापासून तासाभरावर असलेल्या एका गावात, आंब्याच्या झाडाखाली माझे आयुष्य गेले.

त्या गुरुवारी वुम्पिनी मोटरसायकलवरून आली. ती सनातूची एकुलती एक मुलगी. विद्यापीठात एक केंद्र आहे, तिथे मुलांना गावाच्या अडचणी पाहून नवी साधने बनवायला आणि त्यातून स्वतःचा धंदा उभा करायला शिकवतात. वुम्पिनी तिथे शिकवते. दर गुरुवारी ती लोण्याच्या बरण्या न्यायला येत असे.

"नाक झाकलं होतंस का?" सनातूने विचारले.

"हेल्मेट होतं, आई."

"हेल्मेटनं कान झाकतात. नाक बघ कसं झालंय, धुरावरच्या माशासारखं."

पायडलवर लाडी आजी बसली होती. ती गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. "नाकाचं राहू दे," ती म्हणाली. "नवरा कधी आणतेस ते सांग."

"तुझे नवरे संपले की, आजी."

"मग तू बसलीस! माझे काही संपत नाहीत."

सगळ्या हसल्या. सनातूने माझ्या झाकणातल्या खिडकीतून आत हात घातला, डोळे मिटले, आणि लगदा कुठवर आला आहे ते पाहिले. मग डोळे न उघडताच तिने विचारले, "तिकडे नवीन इमारत बांधली म्हणे. हिला तिथे नेणार?"

"हो. दारातच ठेवणार. मागे भिंतीवर पितळी पाटी असेल."

"पाटीवर काय लिहिणार?"

वुम्पिनी बरण्यांची झाकणे घट्ट करत होती. जी घट्ट होती तीही ती पुन्हा फिरवू लागली. "नाव," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"रवीचं. आणखी कुणाचं असणार?"

"रवीला नाव!" सनातू हसली. "ऐकलंस का गं लाडी? आता ही आपल्याला ओळख देणार नाही." आणि मग एकदम, "पाणी घाल. कोमट. आत्ता."

वुम्पिनी खोटे बोलली होती. पाटीवर मला घडवणारीचे नाव येणार होते, आणि ते वुम्पिनीचे होते. पण माझ्यातले जे खरे काम करते, ते तिने घडवले नव्हते. ते सनातूने घडवले होते. सहा वर्षे वुम्पिनी हे आईला सांगायचे म्हणून गुरुवारी यायची आणि बरण्या घेऊन परत जायची. त्या गुरुवारीही गेली. निघताना तिने मोटरसायकल सुरू केली, बंद केली, आईकडे पाहिले. सनातू म्हणाली, "काय गं, काही राहिलं का?" वुम्पिनी म्हणाली, "नाही," आणि पुन्हा सुरू केली.

शुक्रवारी दुपारी नमाजाआधी हातपाय धुताना सनातू जमिनीवर बसली, ती उठली नाही. ऊन उतरायच्या आत तिला पुरलेसुद्धा. त्यानंतर बरेच दिवस माझ्यावरचे पोते कुणी काढले नाही.

पोत्याखाली अंधार असतो, पण तो काळा नसतो. तो तपकिरी असतो, लगद्यासारखा. त्यात मागचे सगळे हळूहळू वर येऊ लागले. त्याला स्वप्न म्हणा की आठवण म्हणा, पिंपाला दोन्हींतला फरक कळत नाही.

मला आठवते ती पहिली गोष्ट म्हणजे गोदीतला आवाज आणि माझ्या पोटात डुचमळणारे तेल. मग खूप दिवसांची रिकामी झोप. मग विद्यापीठाची कार्यशाळा. पत्र्याचे छप्पर, ठिणग्या, आणि इद्रिसू सरांचा खोकला.

इद्रिसू सर उंच, वाकलेले आणि हट्टी होते. त्या विद्यापीठात एक रीत आहे. वर्षातले सात आठवडे मुलांनी वर्ग सोडून गावात राहायचे, गावाचे खायचे आणि गावाचे ऐकायचे. सरांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. पहिले तीन आठवडे कुणी पान्ह्याला हात लावायचा नाही. हत्यारांच्या पेटीला ते कुलूप लावत आणि किल्ली खिशात घालून शहरात परत जात.

"सर, निदान स्क्रूड्रायव्हर तरी," मुले म्हणत.

"स्क्रूड्रायव्हर हातात आला की तुम्हाला सगळीकडे स्क्रूच दिसतात. आधी बघा."

वुम्पिनीला तिच्याच गावात पाठवायचे ठरले तेव्हा सरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "स्वतःच्या घरात माणसाला काही दिसत नाही," ते म्हणाले. तिच्या जोडीला ओपोकू नावाचा मुलगा दिला. तो दक्षिणेचा. त्याला इथली भाषा येत नव्हती, तिखट चालत होते, धूळ चालत नव्हती. आमच्याकडे आजी नातवाच्या वयाच्या मुलाला थट्टेने नवरा म्हणते. ओपोकूला ते कुणी सांगितले नव्हते. पहिल्याच सकाळी लाडी आजीने सगळ्यांसमोर त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आलास का रे नवरोबा? लाकडं कोण फोडणार?" वुम्पिनीने अर्थ सांगितला तेव्हा त्याने आपली बॅग उचलली आणि बस किती वाजता आहे ते विचारले.

पण तो राहिला. दोघांनी तीन आठवडे पाहिले. बायका मोठ्या घमेल्यांभोवती गुडघ्यांवर बसत आणि हाताने लगदा घुसळत. एकदा सुरू केले की थांबता येत नाही. मध्येच थांबले तर लोणी हरवते. दोन दोन तास कमरेतून वाकून एकच हात, तीच थाप. वुम्पिनीने लहानपणापासून हे पाहिले होते, म्हणूनच पाहिले नव्हते. त्या तीन आठवड्यांत तिला दिसले की आई सकाळी स्वतःचे डोक्याचे फडके स्वतः बांधू शकत नाही. हात खांद्याच्या वर जातच नाही. शेजारची मुलगी रोज येऊन बांधून जाते.

"कधीपासून?" वुम्पिनीने विचारले.

"तू वसतिगृहात गेलीस तेव्हापासून. आधी तूच बांधायचीस की."

त्या दिवशी वुम्पिनीने ठरवले की रवी करायची. एवढे मात्र खरोखर तिचे होते.

माझा पहिला जन्म फसला. ओपोकूने माझ्या पोटात पंख्यासारखे गोल पाते बसवले आणि वर एक घड्याळ. चाळीस मिनिटे झाली की घंटा वाजायची. घंटा वाजली, झाकण उघडले, आत चिखल. पुन्हा चाळीस मिनिटे, पुन्हा घंटा, पुन्हा चिखल. सनातू हसली नाही. ती म्हणाली, "बाळा, लोणी घड्याळ बघून येत नाही. थंडीत उशिरा येतं. कोरड्या वाऱ्यात रुसतं. बिया जास्त भाजल्या असतील तर येऊन परत जातं."

"मग तुम्हाला कसं कळतं, मावशी?"

"हाताला कळतं. आवाज बदलतो. आधी थाप कोरडी पडते, मग ओली, मग गप्प. गप्प झाली की पाणी."

ओपोकूने हे वहीत लिहिले. मग सर येणार म्हणून मला चकचकीत करायला त्याने आदल्या संध्याकाळी माझे पोट वासाच्या साबणाने आतून तीन वेळा घासले. आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, लोण्याच्या भांड्याला साबण लावत नाहीत. राख लावतात आणि गरम पाण्याने धुतात. दुसऱ्या दिवशी दोन घमेली लगदा गेला. सगळ्याला गुलाबाचा वास. इद्रिसू सर हुंगत उभे राहिले. बायका तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. शेवटी लाडी आजी म्हणाली, "अरे नवरोबा, आम्ही लोण्याचा साबण करतो. साबणाचं लोणी करणारा तूच पहिला!"

ओपोकू रडकुंडीला आला होता. सनातूने त्याच्यासमोर आंबिलीसारखी आंबट लापशी ठेवली आणि म्हणाली, "खा. माझं पहिलं लोणी तर बकरीनंसुद्धा खाल्लं नव्हतं."

त्याच दुपारी ते घडले. सगळे पांगले होते. आंब्याखाली सनातू, वुम्पिनी, ओपोकू आणि मी. सनातूने अंगणातला फुटका भोपळा उचलला, ज्याची आम्ही पाणी प्यायची भांडी करतो तो, आणि दगडावर आपटून त्याचे आणखी तुकडे केले. चार तुकडे निवडले. ते एका काठीला तिरके बांधले, सुतळीने, दातांनी गाठ ओढून, कारण उजवा हात तेवढा दाब देत नव्हता. मग वाडग्यात उरलेला लगदा घेतला आणि काठी फिरवली.

थप. थप. थप.

"तुमचं पातं फिरतं," ती म्हणाली. "हात फिरत नाही. हात उचलतो, आपटतो, ओढतो. बघ, असं तिरकं बांध म्हणजे आपटेल. आणि पाती माझ्या हाताएवढी कर. कोपरापासून मनगटापर्यंत. त्याहून लांब केलीस तर लगदा नुसता ढकलला जाईल."

वुम्पिनीने शाळेची पट्टी आणली. सनातूने बाही वर करून हात पुढे केला. पट्टीवर हात जेमतेम मावला. वुम्पिनीने एकदा मोजले, परत मोजले. गुदगुल्या होऊन सनातू हसत होती.

"हलू नकोस ना आई."

"शिंप्याकडे कधी उभी नाही राहिले मी इतका वेळ. आणि झाकणाला खिडकी ठेव, हात जाईल एवढी. हिला बिचारीला कुठे कळणार पाणी कधी ते?"

वुम्पिनीने आकडा वहीत लिहिला. शेजारी तुकड्यांचा तिरकसपणा काढला. कुणाचा हात ते लिहिले नाही. त्या वेळी लिहायची गरजच वाटली नसेल. घरातल्या माणसाचे नाव कोण लिहून ठेवते?

शिआचे झाड आमच्याकडे तोडत नाहीत. वादळात पडलेली एक फांदी होती, तिची माझी पाती झाली. ती पहिल्यांदा फिरली तेव्हा मला कळले की मी पिंप नाही. मी कुणाचा तरी हात आहे. लगदा माझ्यात आला तेव्हा कोमट आणि जड होता. मी त्याला उचलले, आपटले, ओढले. आवाज कोरडा पडला, मग ओला, मग गप्प. सनातूचा खरा हात खिडकीतून आत आला आणि माझ्या लाकडाच्या हातांमधून शांतपणे फिरला. तिने पाणी मागितले. आणि अंधारातून, अगदी खालून, पांढरे काहीतरी वर येऊ लागले. आधी धुके, मग ढग, मग ढगांवर ढग. मित्रांनो, मी खूप काही पाहिलेले नाही, पण पोटात आभाळ भरून येणे म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मग फॉर्म आला.

विद्यापीठात कुणी नवे साधन केले की त्याची नोंद होते. नोंद झाली की स्पर्धेला जाता येते, केंद्रात जागा मिळते, लोण्याच्या बरणीवर चिठ्ठी लावून ती विकता येते. फॉर्मवर एक रकाना होता. घडवणाऱ्याचे नाव, आणि त्यापुढे विद्यार्थी क्रमांक.

"सर, आईचं नाव घालायचं आहे," वुम्पिनी म्हणाली. हे मी स्वतः ऐकले. मी कार्यशाळेत त्यांच्या शेजारीच उभी होते.

सरांनी चष्मा वर केला. "क्रमांक नसेल तर पुढे जात नाही गं हे. मी वर बोलून बघतो. तोवर..."

"तोवर माझं घालते."

"तोवर घाल."

तो 'तोवर' सहा वर्षे चालला. सरांनी वर दोन पत्रे लिहिली. उत्तर आले की वेगळा अर्ज करा. तो अर्ज वुम्पिनीला करायचा होता.

स्पर्धेच्या दिवशी मी मंचावर होते. सनातू शेवटच्या रांगेत बसली होती, ईदला घालायचे कपडे घालून. सगळे इंग्रजीत चालले होते, त्यातले तिला अक्षर कळत नव्हते. एका परीक्षकाने विचारले, "पात्यांची ही लांबी आणि हा कोन तुम्हाला कसा सापडला?" वुम्पिनीने माझ्याकडे पाहिले. तेवढ्या वेळात माझी साखळी एकदा करकरली. मग ती म्हणाली, "अनेक प्रयोग करून." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून सनातूनेही वाजवल्या, डोक्याच्या वर हात जात नव्हते म्हणून छातीशी.

परत येताना तिने विचारले, "त्या टाय घातलेल्यानं काय विचारलं?"

"पात्यांबद्दल."

"मग? नीट सांगितलंस ना?"

"हो."

पहिला नंबर आला. पुढची वर्षे चांगली गेली, हे मला सांगितलेच पाहिजे. माझ्यासारख्या आणखी रव्या झाल्या. आधी शेजारच्या गावात, मग अकरा गावांत. प्रत्येक वर्षी नवी मुले सात आठवड्यांसाठी येत, कुलूप लावलेली पेटी घेऊन, आणि कुणी बिया भाजायच्या चुलीत सुधारणा करी, कुणी बरण्यांच्या झाकणात. काही फसत. एकाने शिआच्या टरफलांच्या कांड्या केल्या, त्या आजही गावात जळणाला वापरतात. बायकांचा गट झाला, सनातू त्याची प्रमुख झाली. तिचा खांदा मोकळा झाला. एका सकाळी तिने स्वतःचे फडके स्वतः बांधले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दाखवायला. अकरा गावांत अकरा रव्यांच्या पोटात तिचेच हात फिरत होते, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि हे तिला कधी सुचलेसुद्धा नसावे.

वुम्पिनीला त्याच रवीवर केंद्रात नोकरी लागली. नव्या मुलांना ती पहिल्या तासाला सांगे, "गावाला शिकवायला जाऊ नका, शिकायला जा." मला तिथे प्रदर्शनासाठी नेत, तेव्हा मी ते ऐकत असे. ते वाक्य म्हणताना ती माझ्याकडे पाहत नसे.

कौतुकाचे दिवस होते तसे दुर्लक्षाचेही होते. पाहुणे आले की मला रंग लागे, गेले की कोंबड्या माझ्या बाकावर बसत. एका पावसाळ्यात माझी साखळी गंजली. सनातूने घरातलेच लोणी घेतले आणि एकेका कडीला बोटाने लावत बसली. "आपलंच आपल्याला," ती म्हणाली. तशी माझी काळजी त्यानंतर कुणी घेतली नाही.

सनातू गेल्याला चाळीस दिवस झाले आणि पोते निघाले. मला तीनचाकी टेम्पोत घालून शहरात नेले, निळा रंग दिला, नव्या इमारतीच्या दारात ठेवले. मागच्या भिंतीवर फडक्याने झाकलेली पाटी होती. वुम्पिनीने शोकाचे कपडे घातले होते. या चाळीस दिवसांत ती नोंद दुरुस्त करायला दोनदा कुलसचिवांच्या कचेरीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली, हे मला टेम्पोतून येताना इद्रिसू सर ओपोकूला सांगत होते त्यावरून कळले. सर आता पूर्ण पांढरे झाले होते. ओपोकू दक्षिणेत स्वतःचा कारखाना चालवत होता, समारंभासाठी मुद्दाम आला होता.

"तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे," सर म्हणाले. "पण पाटी बदलली तर नोंद बदलेल. नोंद बदलली तर तिची नोकरी कशावर आहे? मी तिला सांग म्हणू शकत नाही. मी स्वतःच 'तोवर' म्हणालो होतो."

ओपोकू माझ्याकडे वळला. त्याने माझ्या खिडकीची कडा बोटाने पुसली.

पाहुण्यांसमोर लोणी काढून दाखवायचे ठरले होते. गावाच्या बायका सकाळीच आल्या, लगदा घेऊन. लाडी आजी पायडलवर बसली. खुर्च्या भरल्या. कुलगुरू आले, भाषणे झाली. मग घुसळणे सुरू झाले.

"खिडकीत कोण?" एका बाईने विचारले.

सगळ्या लाडी आजीकडे वळल्या. ती म्हणाली, "माझी बोटं गेल्या वर्षीच मेली. गरम-गार कळत नाही. वुम्पिनी, तू घाल हात. तुझीच तर रवी आहे."

तिने हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. तिला फॉर्मबद्दल काही माहीत नव्हते. तिच्या लेखी मुलीची वस्तू आईची असते आणि आईची मुलीची.

वुम्पिनीने बाही वर केली आणि हात आत घातला. तो थंड होता. माझी पाती त्याला लागून जात होती. मी तिला सांगण्याचा प्रयत्न केला, जसा यंत्राला करता येतो तसा. आवाज कोरडा पडला. मग ओला. तिचा चेहरा बघून मला कळले की तिला ऐकू येत नाही. तिला फक्त चिखल लागत होता. बायका पाण्याची भांडी धरून उभ्या होत्या, एकात कोमट, एकात गार.

"कुठलं पाणी?" कुणीतरी हळूच विचारले.

वुम्पिनीने हात आणखी खोल घातला.

"वुम्पिनी, आत्ता का?"

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मनगटावरचे घड्याळ पाहिले. इद्रिसू सर खुर्चीतून अर्धे उठले.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि आता बहुधा इथेच, दारात, न फिरता उभी राहीन. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागते. माझ्यासारख्या वस्तूंना रंग नाही लावलात तरी चालेल, पण त्यांना वापरात ठेवा. आणि एखादी चांगली वस्तू हातात घेतलीत तर ती कुणाच्या हातावरून मोजली होती ते विचारा. ते माणूस अंगणात बसलेले असतानाच विचारा. नंतर विचारणाऱ्याला उत्तर मिळते, पण ते कुणाला द्यायचे ते कळत नाही.

वुम्पिनीने हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत तपकिरी होता. लाडी आजीने पायडल थांबवले, जे कधी थांबवत नाहीत. वुम्पिनी ध्वनिक्षेपकाशी गेली. सूत्रसंचालक तिच्या कानाशी कुजबुजला, "इंग्रजीत बोला, पाहुणे आहेत." तिने नाही म्हणून मान हलवली, आणि आमच्या भाषेत बोलू लागली, ज्या भाषेत ती त्या इमारतीत कधी बोलली नव्हती.

"आई, ही रवी तू केलीस. पाती तुझी आहेत, तुझ्या हातावरून मी मोजली. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं आणि मी म्हणाले, अनेक प्रयोग करून. एकच प्रयोग झाला होता, भोपळ्याच्या चार तुकड्यांचा, आणि तो तू केलास. फॉर्ममध्ये तुझं नाव बसत नव्हतं. पण मी दुसरा अर्ज केला नाही. सहा वर्षं केला नाही. तू विचारलंस पाटीवर कुणाचं नाव, तेव्हाही मी खोटं बोलले. मला भीती वाटली की तू म्हणशील, असू दे, तुझं काय नि माझं काय. तू तसंच म्हणाली असतीस, आणि मग मला ते आयुष्यभर ठेवून घ्यावं लागलं असतं." तिने आपल्या तपकिरी हाताकडे पाहिले. "आणि आई, लोणी कधी येतं ते मला कळत नाही. मी कधी शिकलेच नाही. मला वाटलं, तू आहेस."